वास परत घालायचं काम

माझं काम दारूतली दारू काढून टाकायचं होतं. एकवीस वर्षं तेच केलं. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "बाई, तुम्ही काय करता?" आणि मी हे असं सांगितलं, की समोरची बाई आधी हसायची आणि मग पदर सावरून थोडी सरकून बसायची. दारू एवढाच शब्द तिच्या कानात राहायचा. काढून टाकायचं, हे कोणी ऐकायचंच नाही.

दिवाळी अंकाच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "काकू, तुम्ही बोलता तसंच लिहा." मी सातवी शिकलेली. लिहायची सवय म्हणजे टाकीवर चिठ्ठ्या चिकटवायची, तेवढीच. बोलायला मात्र मी थांबत नाही. घरात आता ऐकायला कोणी नाही, भिंतींना सगळं सांगून झालं. म्हणून म्हटलं, लिहू.

आमचा कारखाना अमरावतीच्या बाहेर, मोर्शीच्या वाटेवर. लहानसाच. वरूड-मोर्शीकडचा संत्रा यायचा, पण चांगला नव्हे. डाग पडलेला, बारका, बाजारात कोणी हात न लावणारा. त्याचा रस काढून टाक्यांमध्ये आंबवायचा. आंबला की झाली वाइन. ही वाइन आम्ही विकत नव्हतो. ती मोठ्या बंद भांड्यात घालायची, त्याला आम्ही पॅन म्हणायचो, आणि आटवायची. आटून आटून काकवीसारखं दाट, तांबूस जे उरतं, तो आमचा माल. आइस्क्रीमवाले, केकवाले, मिठाईवाले घेऊन जायचे. चमचाभर घातला तर पातेलंभर चव.

आता कोणीही विचारेल, आणि सगळे विचारायचेच, की दारू काढायचीच होती तर आंबवला कशाला? रसच आटवायचा. अहो, दूध आटवलं तर बासुंदी होते, चक्का होत नाही. चक्क्यासाठी दही लावावं लागतं, मग टांगून त्यातलं पाणी काढावं लागतं. आंबवल्यानं जी चव येते ती साध्या रसाला येत नाही. आम्ही संत्र्याचा चक्का करत होतो म्हणा.

पण आचेवर आटवला तर चव जळते. म्हणून पॅनमधली हवा पंपानं ओढून घ्यायची. हवा कमी झाली की रस कोमट असतानाच उकळतो. चिखलदऱ्याला डाळ शिजवून बघितलेल्यांना कळेल, वर उंचावर पाणी आधी उकळतं आणि डाळ मागे राहते. तसंच, पण त्याहून पुष्कळ जास्त. पॅनच्या काचेतून बघावं तर आत खळखळ उकळतंय, आणि बाहेरून हात लावावा तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याएवढं ऊन.

आणि आता माझ्या कामाचं. उकळी आली की सगळ्यात आधी काय निघतं, ठाऊक आहे? वास. दारूच्याही आधी वास निघून जातो. ही पहिली वाफ आम्ही थंड करून वेगळ्या स्टीलच्या कॅनमध्ये धरायचो. त्यानंतर दारू निघायची, ती पाइपातून थेट दोन कुलपांच्या टाकीत. एक किल्ली साहेबांकडे, एक एक्साइजवाल्यांकडे. पॅनमध्ये उरायचा तो दाट रस. त्याला चव असायची, पण जीव नसायचा. वाफाळत्या भाताशेजारी शिळा भात ठेवला तर कसा वाटेल, तसा. मग त्या कॅनमधला वास त्यात परत घालायचा. किती घालायचा, कधी घालायचा, ते कुठल्या यंत्रावर येत नव्हतं. ते मी सांगायची.

मी, म्हणजे माझं नाक.

हे नाक कुठून आलं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आम्ही मूळचे अकोल्याचे, माळी. मोर्णेच्या काठी वडिलांचा मळा होता, मेथी, पालक, कडेनं शेवंती. आई जुन्या शहरात भाजी घेऊन बसायची. वडील प्यायचे. संध्याकाळी ते फाटकातून आत आले की मी दारात उभी राहून वास घ्यायची. मोहाची प्यायले असले तर रडायचे. दुकानातली प्यायले असले तर मारायचे. मी आत वळून एकच शब्द सांगायची, "रडते" नाहीतर "मारते". "मारते" म्हटलं की माझा मोठा भाऊ, भास्करदादा, आईला मागच्या दारानं शेजारी नेऊन सोडायचा आणि परत येऊन स्वतः वडिलांसमोर उभा राहायचा. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा असेल. मी आठ-नऊची. माझं नाक आणि त्याची पाठ, असं आमचं घर चालायचं.

लग्न होऊन मी अमरावतीला आले. मूलबाळ झालं नाही. हे त्याच कारखान्यात चौकीदार होते, ते गेल्यावर साहेबांनी मला संत्री निवडायला घेतलं. एक दिवस डबा खायला बसले होते आणि एकदम घास हातात राहिला. बॉयलरवर रफिकभाई म्हणून होते, त्यांना म्हटलं, "भाई, आत काहीतरी लागून राह्यलं."

"काय लागून राह्यलं? इथं तं तुह्या ठेच्याचाच वास येऊन राह्यला, बाई."

"ठेचा नाई. साखर लागून राह्यली. बुडाले."

ते हसले, पण उठून गेले. पॅनचं ढवळायचं पातं अडकलं होतं आणि तळाला रस धरायला लागला होता. सगळी पॅन वाचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यासमोर पाच पेले मांडले आणि विचारलं, यात वेगळा कोणता? मी सांगितलं, तिसरा मृग बहाराच्या संत्र्याचा आहे, बाकीचे आंबिया बहाराचे, आणि पाचवा कोणीतरी न धुतलेल्या पेल्यात ओतलाय. साहेबांनी पेला धुणाऱ्या माणसाकडे बघितलं. त्या दिवसापासून मी पॅनच्या खोलीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. अमरावतीचे एक केकवाले यायचे, ते साहेबांच्या कानाशी लागून म्हणायचे, "साहेब, थोडीशी राहू द्या ना आत. केक बहकला तर गिऱ्हाईक परत येते." त्याच आठवड्यात अकोल्याच्या जुन्या शहरातले एक मिठाईवाले शेठ यायचे, त्यांना प्रत्येक कॅनसोबत लिहून पाहिजे की यात दारू नाही. तपासणीचा कागद दिला तरी समाधान नाही. माझ्याकडे वळून विचारायचे, "माय, तू सांग. कागदाचं जाऊ दे."

"नाई शेठ, नाई आत."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

मग कुठे कॅन उचलायचे. मला मोठं वाटायचं. कागदापेक्षा माझ्या शब्दाला किंमत होती. खरं सांगायचं तर मला वास परत घालता येतो याचा गर्व झाला होता. दारू काढलेला रस मी असा करून द्यायची की वाइन चाखणारा माणूसही फसला पाहिजे. एकदा मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं चाखून साहेबांना म्हटलं, "अहो, यातली काढायची राहिली की काय?" मी आठ दिवस ते मनात घोळवत होते.

आणि ज्याला हे सगळं सांगावं, तो माझ्या घरचं पाणी पीत नव्हता.

मी पॅनच्या खोलीत लागल्यापासून दादानं माझ्याकडे पाणी प्यायचं सोडलं. भाऊबीजेला मात्र दर वर्षी यायचा, अकोल्याहून एसटीनं. दारातच पाट मांडायला लावायचा. ओवाळून घ्यायचा, ओवाळणीत साडी घालायचा. तोंड गोड करायची वेळ आली की पिशवीतून स्वतःचा डबा काढायचा. वहिनीनं दिलेला बेसनाचा लाडू. त्यातला तुकडा मी त्याच्या तोंडात घालायचा, मग एक तुकडा तो माझ्या. पाण्याची बाटलीही स्वतःची. दुपारच्या गाडीनं परत. भाऊबीज झाली, पण घरात माणूस येऊन गेला असं वाटायचं नाही. माझी केलेली करंजी तशीच राहायची. शेजारच्यांना वाटून टाकायची.

पहिल्या वर्षी मी भांडले. "दादा, मी दारू करतो काय? मी तं काढतो ना बापा!"

"हाव. काढतं तू."

"मंग?"

"मंग काय नाई. ओवाळ, गाडी जाईन माही."

मला वाटायचं, वडिलांमुळे. दारूच्या गावालाही जायचं नाही असं त्यानं ठरवलं असेल, आणि आता बहीणच तिथे जाऊन बसली, म्हणून मी त्याच्या मनातून उतरले. लोक सरकून बसायचे त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. पण ज्याची पाठ आणि माझं नाक एकाच दारात उभं राहिलं, त्यानं मला कमी लेखावं, हे गळ्याखाली उतरायचं नाही. माझं एकच होतं, दादानं माझ्या घरात बसून माझ्या हातचं खावं, प्यावं. बाकी मला काही नको होतं.

म्हणून मी ते केलं.

तपासून झालेल्या नमुन्याच्या बाटल्या आम्हाला घरी न्यायला मिळायच्या. दिवाळीच्या आधी मी एक बाटली आणली आणि संत्र्याची बर्फी केली. खवा, साखर आणि आमचा दाट रस. बर्फी थापायच्या आधी, खवा कोमट झाल्यावर, त्यात कारखान्यातून कुपीत आणलेलं वासाच्या कॅनमधलं थोडं घातलं. थोडं कुठलं, नेहमीच्या दुप्पट. मला दादाला दाखवायचं होतं, तुझी बहीण काय करू शकते. वहिनीला एसटीत ओळखीच्या बाईबरोबर डबा पाठवला आणि फोनवर सांगितलं, आमच्या इथल्या हलवायाची आहे, नवीन निघाली. मनात होतं, भाऊबीजेला त्यानं नाव काढलं की सांगायचं, दादा, हीच माझ्या कारखान्याची चीज.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन. "पमाबाई, अजून मिळते काय व ते बर्फी? तुमच्या भावानं पुरा डबा एकट्यानं संपोला. कोनाले हात लावू देला नाई."

मी इतकी खूश झाले की दुसरा डबा लगेच पाठवला.

भाऊबीजेला तीन-चार दिवस होते, आणि भर दुपारी फाटकावरच्या माणसानं निरोप आणला, तुमचा भाऊ आलाय. दादा कारखान्यावर कधी आला नव्हता. मी धावत गेले. तो फाटकाच्या आत आला नाही. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली उभा होता, नाकावर उपरणं धरून.

"पमे, थ्या बर्फीत काय होतं?"

माझ्या तोंडावर हसू आलंच. "काहून? आवडली ना? दादा, तुह्या गळ्याची शपथ, थेंब नाई त्यात दारूचा. कागद दाखवू काय?"

"मले माहीत हाय नाई म्हनून. तू खोटं बोलत नाई. पन वास तं हाय ना."

मी पदराला हात पुसले.

"पयल्याच घासाले समजलं मले. अन् समजलं तरी मी खात गेलो. डबा संपला तसा चौकात गेलो. दुकानापुढं उभा राह्यलो, घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुना गेलो. पेलो नाई, पमे. पन पाय गेले ना माहे."

मला कळेना. "तू कवा..."

मग त्यानं सांगितलं. उन्हात उभं राहून, रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात, सगळं एका दमात. माझं लग्न झालं, वडील गेले, त्यानंतर तो धामणगावला एका धान्याच्या अडतीवर कामाला होता. तिथे चार वर्षं प्यायला. वडिलांसारखाच. वहिनीनं पोरांना घेऊन माहेर गाठलं तेव्हा सोडली. सोडली म्हणजे रोज सोडावी लागते, म्हणाला. ज्या वासाच्या घरी जातो तिथून परत येताना पाय जड होतात, म्हणाला.

"तुह्या घरी पानी काहून पेत नव्हतो? तुह्या लुगड्याले, तुह्या गिलासाले, तुह्या केसाइले तोच वास हाय. तुले येत नाई, तू त्यातच राह्यतं. मी तुले कमी नाई लेखलं कवाच. भेत होतो मी."

"मंग सांगतलं काहून नाई रे दादा इतके वर्स?"

"मोठा भाऊ ना मी तुहा. बाप तसा निंगाला, अन् मी बी तसाच, हे तुले कोन्या तोंडानं सांगू? तू तं दारातूनच वळखाची."

तेच. मी दारातून ओळखायची. अख्ख्या कारखान्यात माझ्या नाकाची शपथ घ्यायचे लोक, आणि सख्ख्या भावाचं मला कळलं नाही. कळणार तरी कसं? तो माझ्याकडे यायचा तेव्हा त्याला वासच नसायचा. वास मला होता.

त्या वर्षी तो भाऊबीजेला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. साडी टपालानं यायची. मी ताटात निरांजन लावून चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, आणि आत येऊन निरांजन विझवायची.

आता तुम्ही म्हणाल, बाई, नोकरी सोडायची होती. सोडता आली असती. चार घरचे डबे करून माझ्या एकटीचं भागलं असतं. नाही सोडली. पुढे सहा वर्षं तिथेच राहिले. खरं कारण लिहिते. त्या पॅनच्या खोलीशिवाय दुसरीकडे कुठे मला कोणी काही विचारत नव्हतं. तिथे सकाळी गेलं की रफिकभाई म्हणायचे, "या बाई, पाहा बरं जरा." एवढं एक वाक्य. त्यासाठी मी भाऊबीज घालवली. हे मी कधी कोणाला बोलले नाही, आज लिहिते आहे.

एक बदल मात्र केला. त्यानंतर कॅनमधला वास घालताना माझा हात आखडायला लागला. साहेब म्हणायचे, "बाई, माल पूर्वीसारखा भरत नाही." मी म्हणायची, "संत्राच तसा आहे, साहेब." ते एक खोटं मी नियमानं बोलले.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी नारळ दिला, फोटो काढला. घरी आल्यावर पहिलं काम, सगळ्या साड्या काढल्या. कामावरच्या तर टाकल्याच, पण दादानं दिलेल्या कशा टाकणार? त्या रिठ्यात भिजवल्या, उन्हात वाळवल्या, परत भिजवल्या. भिंतींना चुना दिला. पांघरुणं, उशा, पडदे बदलले. स्टीलचे गिलास चिंच लावून घासले, आणि मग वाटलं नको, नवेच आणले. सहा. एकटीला सहा कशाला, पण दुकानदार सुटे देत नव्हता.

पण वास गेला की नाही, हे मला कळेना. एकतर आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. त्यात आता नाकही म्हातारं झालंय. परवा दूध ओतू जाऊन करपलं तेव्हा धूर दिसल्यावर मला कळलं. शेजारच्या वर्षाला मी बोलावून आणलं. म्हटलं, "पोरी, जरा आत ये अन् सांग, कशाचा वास येते."

तिनं इकडे तिकडे बघितलं. "फिनाईलचा येते काकू. लय येते. काय झालं?"

"काई नाई. अजून कशाचा?"

"उदबत्तीचा. काकू, बरं वाटते ना तुमाले?"

ती गेल्यावर मी बराच वेळ हसत बसले. मग नाही हसले.

वहिनीला फोन करून एवढंच सांगितलं की मी आता घरी असते. बर्फीचं, वासाचं काही बोलले नाही. ती म्हणाली, "सांगतो त्याइले."

गेल्या भाऊबीजेला तो आला. मी सांगितलं नव्हतं, त्यानं कळवलं नव्हतं. दुपारी बारा-साडेबाराला फाटक वाजलं, बघते तर दादा. काठी घेतलेला, वाळलेला. पिशवीत डबा, बाटली. मी नेहमीसारखा दारात पाट मांडायला गेले तर म्हणाला, "थांब."

उंबऱ्यात उभा राहिला. डोळे मिटले आणि वास घेतला. हळू, दोनदा. अगदी मी लहानपणी वडिलांचा घ्यायची तसा. मी आत उभी, हातात पाट. आई मागे उभी असायची तशी. तो काय शब्द बोलेल याची वाट बघत.

मग त्यानं चपला काढल्या. आत आला, भिंतीशी खुर्ची होती तिच्यावर बसला.

"पानी दे, पमे."

मी नव्या गिलासात पाणी दिलं. त्यानं ते तोंडाशी नेलं, मधेच थांबला, माझ्याकडे बघितलं आणि एका दमात सगळं प्यायला. ओवाळून घेतलं. लाडू त्याच्याच डब्यातला खाल्ला. करंजीला हात लावला नाही, मीही आग्रह केला नाही. लगेचच गाडी होती, गेला.

वास खरंच गेला होता, की त्यानं सोसला, हे मी विचारलं नाही. फाटकातून वळताना तो खांबाला धरून जरा उभा राहिला होता. वयामुळेही असेल. अकोल्याला पोचला की नाही म्हणून संध्याकाळी वहिनीला फोन केला, ती म्हणाली, वेळेवर आले, जेवले, झोपले. सरळ घरी आले.

फोन ठेवून मी तो गिलास उचलला आणि नाकाशी धरला. कितीतरी वेळ धरला. काहीच कळलं नाही.